पिवळ्या पतंगांची खोली

भाऊ पहिल्यांदा कधी खोकले, ते मला सांगता येत नाही. त्या खोलीत काय काय घडलं याच्या अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. कोणत्या पिंजऱ्यातली पतंगाची मादी किती वाजता पानाच्या शेंड्यावर चढली, तिने पोटाचं टोक केव्हा बाहेर काढलं, किती वेळाने नर फडफडायला लागला, त्या दिवशी हवेत ओल किती होती, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. खोकल्याची नोंद त्यात कुठेच नाही. मी दोनदा सगळ्या वह्या चाळून पाहिल्या.

मी कीटकशास्त्रज्ञ आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं भाताच्या खोडकिड्यावर गेली, आणि त्यातही त्याच्या वासावर. कोणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की लोक हसतात नाहीतर विषय बदलतात. आमच्या घरी मात्र किड्यांना कोणी हसत नसे. आम्ही पवनीकडचे विणकर. वडील कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे आणि घरात कोसे उकळल्याचा वास कायम भरलेला असायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना टोपलीत राहून गेलेल्या एका कोशातून पतंग बाहेर पडला. मादी होती. ती खिडकीच्या गजाला लटकून राहिली. सकाळी उठून पाहिलं तर बाहेरच्या भिंतीवर चार नर बसलेले. जंगल आमच्या घरापासून चांगलंच लांब होतं. यांना कोणी सांगितलं, असं मी वडिलांना विचारलं. मागावरून मान वर न करता ते म्हणाले, "तिच्या वासावर आले." मी जाऊन त्या मादीला नाकाशी धरून हुंगलं. मला कसलाच वास आला नाही. पुढे मी शिकले, परगावी राहिले, पदव्या घेतल्या, ते सगळं त्या न आलेल्या वासापायीच.

नोकरी फिरत फिरत मला आमच्याच जिल्ह्यात घेऊन आली. भंडाऱ्याहून एसटीने तासाभराच्या अंतरावर भातावर काम करणारं एक लहानसं केंद्र होतं. चार खोल्या, मागे थोडी शेती, एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. खोडकिड्याचा त्रास या भागाला जुना. हा एक लहानसा पिवळा पतंग, त्याची अळी धानाच्या खोडात शिरते आणि आतून पोखरते. रोप लहान असलं तर मधला पोंगा वाळतो, लोंब निघताना शिरली तर लोंब पांढरी फटक आणि पोचट निघते. त्यावर कामगंध सापळे म्हणून मिळतात. मादीच्या वासासारखा वास रबराच्या एका गोळीत भरायचा, गोळी सापळ्यात टांगायची, म्हणजे नर मादी समजून येतात आणि अडकतात. फवारणी कधी करायची, करायची की नाही, हे त्यावरून ठरतं. बाहेरून येणाऱ्या गोळ्या आमच्याकडे नीट चालत नव्हत्या. जवळच्या कोंढा गावातल्या एका सभेत एका शेतकऱ्याने उभं राहून मला ऐकवलं होतं, की मॅडम, तुमच्या डब्यात दोन पाखरं अन् माझ्या बांधीत हजार. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं बांध घातलेलं वावर. आपल्याकडच्या मादीचा वास जरा वेगळा असेल का, असा प्रश्न त्या सभेतून येताना माझ्या डोक्यात शिरला आणि मग बाहेर निघाला नाही.

त्याचं उत्तर शोधायला पतंग हवे होते, खूप हवे होते, आणि बाराही महिने. मादी वास सोडत असते त्याच वेळी तिच्या पोटाचं टोक बारीक कात्रीने कापायचं आणि द्रावणात टाकायचं. एका मादीतून येणारा वास इतका थोडा, की शेकडो माद्यांचा एकत्र केल्याशिवाय यंत्राला काही दिसत नाही. खोडकिडा पाळायला कठीण. त्याला जिवंत धानाचं रोपच लागतं. आधीची दोन माणसं कंटाळून निघून गेली होती. मग कोंढ्याचे भाऊ आले.

मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला मॅडम. चाळिशी ओलांडलेले, उंच, हात लांब, बोलणं कमी. घरी थोडं धान, तलावाचं पाणी, बायको आणि लग्न होऊन गेलेली एक मुलगी. केंद्रावर ते रोजंदारीने लागले होते आणि शेवटपर्यंत रोजंदारीवरच राहिले. सुरुवातीला मी त्यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलायची. ते "हो जी" म्हणून गप्प. एकदा त्यांच्या हातून रोपाची कुंडी निसटून फुटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून पाडली जी?" त्यांनी चमकून वर पाहिलं. "तुमी आपल्या इकडच्याच हाव का मॅडम?" म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मग आम्ही बोलायला लागलो.

त्यांचा हात किड्यांना मानवत होता. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती ते रंगाच्या ब्रशच्या टोकावर उचलून रोपाच्या बगलेत ठेवायचे आणि ती लगेच आत शिरायची. मी ठेवलेल्या निम्म्या अळ्या मरायच्या. पतंग पकडायला आमच्याकडे तोंडाने ओढायची नळी होती. काचेची कुपी, तिला दोन रबरी नळ्या. एक पतंगाजवळ धरायची, दुसरी ओठांत, आणि हलकेच श्वास आत घ्यायचा, की पतंग अलगद कुपीत येतो. ओठांकडच्या नळीला बारीक जाळी असते, किडा तोंडात जाऊ नये म्हणून. भाऊ दिवसाला दीड-दोनशे पतंग असे ओढायचे आणि एकाचाही पंख मोडायचा नाही.

हे पतंग रात्री जागतात. आम्ही त्यांची रात्र दिवसा केली होती. खोलीत रात्रभर दिवे लावायचे आणि सकाळी दहाला बंद करायचे. मग एक लाल बल्ब. त्या उजेडात किड्यांना दिसत नाही, आपल्याला थोडं दिसतं. अकरा-साडेअकराला माद्या वास सोडायला लागायच्या. बाहेर रणरणतं ऊन आणि आत आम्ही दोघं लाल अंधारात, एकेका पिंजऱ्यासमोर वाकलेले.

पहिल्या वर्षी माद्या वासच सोडेनात. मी दमटपणा बदलला, रोपं बदलली, दिवे बदलले. महिनाभर काही जमलं नाही. एके दिवशी भाऊ माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पंखा बंद करून पाहा न."

भिंतीत हवा बाहेर फेकणारा एक पंखा होता, तो चोवीस तास चालायचा. मी कारण विचारलं.

"एवढ्या हवेत बोलून आयकनार कोन? म्हनून त्या गप बसतेत."

वास सोडण्याला ते बोलणं म्हणायचे. मी पंखा बंद केला. तिसऱ्या दिवशी साडेअकराला एका मादीने पान धरून पोटाचं टोक बाहेर काढलं, मग दुसरीने, मग एका ओळीत बसलेल्या सगळ्यांनी. मला रडू आलं. भाऊ हळूच म्हणाले, "बोलल्या." त्या आठवड्यात मी पंख्याच्या भोकावर पत्रा ठोकून घेतला. खिडक्यांच्या फटी कापूस आणि चिकटपट्टीने बुजवल्या. दाराला आतून ओलं पोतं टांगलं. खोली अशी बंद केली, की कुठून झुळूक येऊ नये. माझ्या सगळ्या कामाला खरी सुरुवात तिथून झाली. पुढे आलेल्या पहिल्या शोधनिबंधात भाऊंचे आभार एका ओळीत मानलेले आहेत, तांत्रिक सहाय्याबद्दल.

पतंगाच्या अंगावर आणि पंखांवर बारीक खवले असतात. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे तेच. खोडकिड्याची मादी तर अंड्यांवर आपल्या शेपटाकडचे मऊ पिवळे केस पांघरूण म्हणून चिकटवते. हजारो पतंग एका बंद खोलीत, वर्षानुवर्षं. लाल बल्बवर पिवळा थर बसायचा आणि भाऊ दर सोमवारी तो पुसायचे. दुपारी दार उघडलं, की उन्हाच्या पट्ट्यात ती भुकटी तरंगताना दिसायची. मी ते पाहत होते. मला ते सुंदर वाटायचं, हेही सांगून टाकते.

मी खोलीत दिवसातून दोन तास असायची. मग माझ्या टेबलाशी परत, तिथे नराची मिशी, तो जिने वास घेतो ती, दोन तारांमध्ये जोडून तिच्यावर वासाची फुंकर सोडायची आणि पडद्यावरची रेघ पाहायची. द्रावणांची वाफ अंगावर येऊ नये म्हणून माझ्या टेबलावर काचेची पेटी होती, वर धुराडं होतं. ते मी भांडून मिळवलं होतं. भाऊ खोलीत सात-आठ तास असायचे.

खोकला आधीपासून असणार. धान चुरताना, म्हणजे मळताना, आणि झाडताना धूळ उडते, त्या दिवसांत आमच्याकडे सगळेच खोकतात. भाऊ तोंडाला दुपट्टा बांधायचे, नळी तोंडात घ्यायची वेळ आली की खाली ओढायचे. सोमवारी सकाळी ते बरे असायचे आणि शनिवारपर्यंत आवाज बसायचा, हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच म्हणायची, की भाऊ, आल्याचा चहा घ्या.

मग कोरोना आला. खोकणाऱ्या माणसाकडे सगळे घाबरून पाहू लागले. केंद्रावरच्या लोकांनी कुजबुज सुरू केली, भाऊंच्या जवळ कोणी डबा खायला बसेना. मी त्यांना गाडीत घालून तपासणीला नेलं. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. केंद्रावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मीही सोडला. कोरोना नाही, म्हणजे काही नाही. इतकं साधं आम्ही धरून चाललो. त्या वर्षी मास्कची खोकी केंद्रावर पहिल्यांदा आली. भाऊंचा मास्क गळ्यात लटकलेला असायचा, कारण नळी ओठांत धरायची तर मास्क लावणार कसा? बॅटरीवर ओढणारं एक लहान यंत्र मिळतं. त्याची मागणी मी एकदा लिहिली होती आणि स्वतःच मागे ठेवली होती. यंत्राच्या झटक्याने नाजूक पतंगांचे पंख जातील असं मला वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी, आश्विनात, कीटक पाळायच्या खोल्यांविषयीची एक पुस्तिका मी चाळत होते. मला तापमानाबद्दल काही हवं होतं. त्यात एक परिच्छेद होता: पतंगांच्या खवल्यांमुळे तिथे काम करणाऱ्यांना दमा होतो, आणि फार वर्षं गेली तर फुप्फुसं कायमची आवळतात. मी तो वाचला, पुस्तिका मिटली, आणि उघडून परत वाचला. खोलीत भाऊ खोकत होते. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले. खोलीतली भुकटी तुमच्या छातीला बाधत असेल, तुम्ही आता बाहेरची रोपं पाहा, आत दुसरं कोणी जाईल, असं सांगितलं. ते बराच वेळ कुंडीतली माती बोटाने सारखी करत राहिले.

"दुसरं कोन जाईन जी? पाखरं मरतीन," ते म्हणाले. "एवढा हंगाम होऊन जाऊ द्या. मंग पाहू."

तो हंगाम महत्त्वाचा होता. वासातल्या दोन द्रव्यांचं प्रमाण आमच्या हाती येत आलं होतं. अजून काहीशे माद्या मिळाल्या असत्या तर ते पक्कं झालं असतं. मी म्हणाले, बरं. आणि मला हायसं वाटलं. ते नको म्हणाले याचं दुःख व्हायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं. पुढचे अडीच महिने ते त्या खोलीत गेले आणि मी त्यांना जाऊ दिलं. खिडक्या उघडल्या नाहीत. प्रमाण पक्कं झालं. आमच्याकडच्या मादीच्या वासात दुसरं द्रव्य जरा जास्त होतं, एवढीशीच गोष्ट.

पौषात एका सकाळी कुंड्या उचलून नेताना ते पायरीवर बसले आणि उठेनात. ओठ निळसर झाले होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? भाऊ थांबत थांबत म्हणाले, "धानाचे किडे पाळतो जी." डॉक्टरांना ती थट्टा वाटली, ते जरा हसले. मी पुढे होऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

नागपूरला मी पर्समधून खवल्यांची एक कुपी नेली होती. पिंजऱ्याच्या तळातून झाडून गोळा केलेली, बुडाला जेमतेम बोटभर भुकटी. त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ती पातळ करून भाऊंच्या हातावर एक थेंब ठेवला, सुईने हलकंसं टोचलं आणि पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. मी हाताकडे पाहत बसले. चौथ्या-पाचव्या मिनिटालाच तिथे गांध उठायला लागली, मग रुपयाएवढी झाली, मग भोवती लाल. भाऊ म्हणाले, "खाजवते." फुप्फुसांची छायाचित्रं काढली ती मला वेगळं बोलावून दाखवली. खालच्या बाजूला जाळं विणल्यासारखं दिसत होतं. खोली सोडली तर दमा आटोक्यात राहील, पण जेवढं आवळलं आहे तेवढं परत मोकळं होणार नाही, आणि कदाचित आवळतच जाईल, असं बाईंनी सांगितलं. किती वर्षं काम करतात, असं त्यांनी विचारलं. मी वर्षं सांगितली. खोलीत हवा खेळती होती का, असं विचारलं. मी म्हणाले, नव्हती. कोणी बंद केली, हे त्यांनी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीशी बसले होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढं. मग त्यांनी विचारलं, आता त्या पतंगांचं कसं होईन. मी म्हणाले, त्यांची काळजी करू नका. ते झोपल्यासारखे डोळे मिटून बसले, पण झोपले नव्हते.

त्यांना बसून करायचं काम मिळावं म्हणून मी बरेच अर्ज लिहिले. रोजंदारीच्या माणसाला असं काही देता येत नाही, एवढंच उत्तर दरवेळी वेगळ्या शब्दांत आलं. भाऊ कोंढ्याला परत गेले. खोलीत दुसरी माणसं लावली, तोंडाला जाड मास्क, नळीच्या जागी यंत्र. किडे महिनाभर टिकले आणि मग एका थंडीच्या आठवड्यात सगळे संपले. मी एकटीने जाऊन चिकटपट्ट्या काढल्या, खिडक्या उघडल्या. कापसाचे बोळे पिवळे पडले होते.

पुढच्या खरिपात नव्या प्रमाणाच्या गोळ्या तयार होऊन आल्या. त्या कुठे लावून पाहायच्या हे मी भाऊंना विचारलं, तर त्यांनी स्वतःची बांधी देऊ केली. मी नको म्हणत होते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "लावा न मॅडम. त्यायले घरी बसून करमत नाही." रोवणी झाल्यावर आम्ही सापळे उभे केले, अर्ध्यांत जुन्या गोळ्या, अर्ध्यांत नव्या. भाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. चार पावलं चालले तरी त्यांना दम लागायचा. वहिनी चिखलात उतरून सापळे उघडायच्या, पतंग मोजून मोठ्याने आकडा सांगायच्या आणि ते वहीत लिहायचे. लिहिताना मध्येच थांबून श्वास घ्यायचे, मग उरलेला आकडा.

आश्विनात पतंगांची मोठी लाट आली त्या आठवड्यात मी गेले होते. वहिनींनी जुना सापळा उघडला, सहा-सात होते. मग शेजारचा नवा उघडला. आतली पिशवी पिवळ्या नरांनी भरलेली होती. त्या पिशवी तशीच धुऱ्यावर घेऊन आल्या आणि भाऊंना दाखवली. भाऊंनी हात लावला नाही. नाक-तोंडावर दुपट्टा धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आता बरोबर बोलली," ते म्हणाले.

मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. एवढ्या वर्षांचं काम डोळ्यांसमोर एका पिशवीत होतं. मी घरी आले आणि कोणालाही फोन केला नाही.

त्यांच्या बांधीत त्या वर्षी फवारणी करावी लागली नाही आणि पांढरी लोंब तुरळक निघाली. कापणी झाली. धान घरी आलं आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. पहाटे दम वाढला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्या इतक्या शांतपणे सांगत होत्या, की मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणताहेत.

तेरवीनंतर पाहुणे गेले आणि मी परत एकदा गेले. मला जायचं नव्हतं, पण गेले. वहिनी अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मला पाट दिला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमाले मालूम होतं का, मॅडम?"

मी म्हणाले, "हो. त्यांना दवाखान्यात नेलं त्याच्या एक हंगाम आधी."

मी पुढे काहीतरी सांगायला लागले, पुस्तिका, अडीच महिने, त्यांनीच नको म्हटलं होतं, आणि मध्येच थांबले, कारण ते सांगणं मलाच ऐकवेना. एक म्हातारी शेळी दोरीला ओढ देत होती, वहिनींनी उठून तिला चारा टाकला आणि परत येऊन बसल्या.

"त्यायलेबी मालूम होतं," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी कपडे झटकाचे तं पिवळं उडे. मी म्हटलं, सोडा ते काम. तं म्हने, मॅडमले सांगू नको, मले भायेर काढतीन."

भाऊंना रोजंदारी जाण्याची भीती होती, की खोली सुटण्याची, हे मी विचारलं नाही. बहुतेक दोन्ही असेल. वहिनी रडल्या नाहीत. मी रडले तेव्हा त्यांनी मला आतून पाणी आणून दिलं, ते मला फार जड गेलं.

मी जे करू शकत होते ते उशिरा केलं. त्या प्रमाणावरचा शेवटचा शोधनिबंध लिहिला, त्यात लेखक म्हणून भाऊंचं नाव माझ्या आधी टाकलं. संपादकांनी त्यांची पदवी आणि संस्था विचारली. मी लिहिलं, शेतकरी, कोंढा. आता हयात नाहीत. ते त्यांनी तसंच छापलं. किडे पाळणाऱ्या खोल्यांसाठी दोन पानी नियम लिहिले: हवा कशी बाहेर काढायची, नळी तोंडाने ओढायची नाही, दर सहा महिन्यांनी छाती तपासायची. वाऱ्याने माद्या गप्प बसतात, यावरही उपाय निघाला. पिंजऱ्यांना स्वतंत्र आडोसा केला, की खोलीची हवा बदलता येते. एका दुपारच्या सुतारकामाचा प्रश्न होता तो. मी पत्रा ठोकायच्या आधी अर्धा तास विचार केला असता तर तो तेव्हाही सुचला असता. हे नियम आता काही केंद्रांवर दाराला चिकटवलेले असतात. गोळ्या पवनीकडच्या बऱ्याच गावांत वापरतात, तुमसरकडेही जातात.

भाऊंच्या बांधीत मात्र त्या नाहीत. पुढच्या वर्षी मी सापळे घेऊन गेले, तर वहिनींनी दारातच हात जोडले. "नको मॅडम. ते पिवळे पाखरं मले पाहवत नाहीत." त्यांनी बांधी ठेक्याने दुसऱ्याला दिली. तो माणूस मेहनती आहे, पण त्याला सापळ्यांवर भरवसा नाही, तो हंगामात तीन-चारदा फवारतो. आश्विनात एसटीने त्या रस्त्याने जाताना औषधाचा उग्र वास खिडकीतून आत येतो. तो मला येतो, कोणालाही येईल असा वास आहे तो.

खोडकिड्यावरचं काम मी थांबवलं आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, आता नवीन आलेल्यांचे अहवाल तपासते. वर्षातून एकदा, बहुधा माघात, कोंढ्याला जाते. यंदा गेले तेव्हा वहिनी लाखोळीचं कडधान्य पेरलेल्या वावरातून नुकत्याच आल्या होत्या. पाय धुऊन त्यांनी चूल पेटवली. आता कोणता किडा पाळता, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हणाले, कोणताच नाही. त्यांनी मान हलवली, पिठात पाणी घातलं आणि म्हणाल्या, जेवून जा, गाडी चार वाजता हाय. आम्ही दोघी जेवलो. त्यांच्या लेकीला पोरगी झाली होती, तिचे फोटो त्यांनी मला मोबाइलवर दाखवले, एकेक करून, सगळे.